घरचा कॅमेरा मोबाइल डेटावर दिसत नाही, पोर्ट फॉरवर्डिंग करूनही. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की घरच्या वायफायवर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.६४ टाकलं की चित्र लगेच येतं, बाहेर मोबाइल डेटावर मात्र नुसतं चक्र फिरत राहतं. राउटरमध्ये ८० आणि ५५४ हे पोर्ट फॉरवर्ड केले, म्हणजे बाहेरून त्या क्रमांकांवर आलेली विनंती कॅमेऱ्याकडे वळवली, तरी फरक नाही. कॅमेरा ठीक आहे, तो बदलू नका. अडचण बहुतेक राउटरच्या पलीकडे आहे, आणि ती एका तपासणीत कळते.

१९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता फक्त घरापुरता असतो. तोच पत्ता जगात असंख्य घरांत वापरात आहे, त्यामुळे इंटरनेटवर तो चालत नाही. बाहेरून पोहोचायचं तर राउटरला मिळालेला सार्वजनिक आयपी लागतो. आता राउटरच्या स्टेटस पानावर जाऊन वॅन आयपी, म्हणजे राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, बघा. मग घरच्याच वायफायवरून एखाद्या 'माझा आयपी काय' दाखवणाऱ्या साइटवर बघा. दोन्ही आकडे सारखे असतील तर सार्वजनिक पत्ता थेट तुमच्या राउटरकडे आहे. वेगळे असतील, आणि वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे कंपनीच्या सामायिक पत्त्याच्या मागे आहात. आयपीव्ही४ पद्धतीचे (असे चार आकड्यांचे) पत्ते अपुरे पडतात म्हणून इंटरनेट कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यावर अनेक ग्राहक बसवतात. हा पट्टा २०१२ साली खास त्यासाठीच राखून ठेवला गेला. अशा वेळी तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरून आलेली विनंती कंपनीच्याच यंत्रणेत अडते, तुमच्या दारापर्यंत येतच नाही. वॅन आयपी १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर मध्ये कंपनीचं मॉडेम दुसऱ्या राउटरसारखं काम करतंय का तेही बघा. ते ब्रिज मोडवर टाकलं, म्हणजे राउटरचं काम सोडून फक्त जोडणी पुढे देईल असं केलं, की एक अडथळा कमी होतो.

आकडे जुळले, तर कदाचित थोड्याशा खटपटीने तुमचं पोर्ट फॉरवर्डिंग चालूही होईल. तरी माझं ऐका आणि ते काढून टाका. कॅमेऱ्याचं लॉगिनचं पान सगळ्या जगासमोर उघडं ठेवणं मला पटत नाही. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने नेमके असेच कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले. कारखान्यातून येणारे साठेक ठरलेले युजरनेम-पासवर्ड एकेक करून वापरून बघायचे, एवढीच त्याची युक्ती होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या उपकरणांकडून डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी) सेवा देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेकांना तासन्‌तास उघडेनात. पासवर्ड बदलला की झालं, असंही नाही. फर्मवेअरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, लॉगिनच्या आधीच आत शिरू देणारी चूक असेल तर पासवर्डचा प्रश्नच येत नाही, आणि स्वस्त कॅमेऱ्यांना अपडेट क्वचितच मिळतात. ८० ऐवजी ८०८० किंवा दुसरा एखादा आकडा ठेवूनही लपता येत नाही. शोडानसारखी सर्च इंजिनं उघडे पोर्ट शोधून त्यांची यादीच ठेवतात.

मी स्वतः व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंत जाणारा एन्क्रिप्टेड मार्ग) वापरतो आणि तुम्हालाही तेच सुचवेन. कॅमेऱ्याला बाहेर आणायचं नाही, आपण फोनसकट घरच्या नेटवर्कमध्ये जायचं. राउटरमध्ये वायरगार्ड या व्हीपीएनची सोय असेल तर काम सोपं आहे: एकच यूडीपी पोर्ट उघडायचा, बहुधा ५१८२०. योग्य किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट धुंडाळणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. घरचा आयपी बदलत असेल तर राउटरमधलं डायनॅमिक डीएनएस चालू करा, म्हणजे पत्ता बदलला तरी एकाच नावाने घर सापडेल. फोनवरच्या सेटिंगमध्ये अलाउड आयपीज या रकान्यात फक्त १९२.१६८.१.०/२४ लिहा, म्हणजे कॅमेऱ्यापुरतीच वाहतूक घरून जाईल, बाकीचं नेट नेहमीसारखं चालेल. इथे एक जण हमखास अडकतो: ज्या वायफायवर तुम्ही बाहेर बसला आहात तिथेही १९२.१६८.१ च असेल, तर फोन कॅमेरा तिथल्याच नेटवर्कवर शोधत बसतो. म्हणून घरचा पट्टा आधीच बदलून १९२.१६८.५७ असा काहीतरी कमी वापरातला ठेवा, अलाउड आयपीजमध्येही तोच लिहा, आणि कॅमेऱ्याचा आयपी राउटरमध्ये राखीव करून टाका.

सीजीनॅट असेल तर टेलस्केल ही व्हीपीएन सेवा वापरा. त्यातही आत वायरगार्डच आहे, पण दोन्ही टोकं स्वतःहून बाहेर पडून एकमेकांना गाठतात. थेट जमलं नाही तर मधल्या सर्व्हरमार्फत जोडतात, तेही एन्क्रिप्ट करूनच. कॅमेऱ्यात ते टाकता येत नाही, म्हणून घरात कायम चालू राहणारं एखादं रास्पबेरी पाय (छोटा, स्वस्त संगणक) किंवा जुना संगणक लागेल. त्याला टेलस्केलमध्ये सबनेट राउटर (घरच्या बाकी उपकरणांपर्यंत नेणारा दुवा) करा, त्यावर आयपी फॉरवर्डिंग (आलेली वाहतूक पुढे पाठवण्याची सोय) चालू करा आणि अॅडमिन पानावर जाऊन तो मार्ग मंजूर करा. ही मंजुरी राहून गेली की सगळं जोडलेलं दिसतं आणि कॅमेरा मात्र उघडत नाही.

कंपनीचं अॅप हा तिसरा मार्ग. तिथे कॅमेरा स्वतः कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो, म्हणून सीजीनॅटमागेही बिनतक्रार चालतो. फाटकावरच्या कॅमेऱ्याला मी हरकत घेणार नाही, पासवर्ड वेगळा ठेवा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. घराच्या आतल्या कॅमेऱ्यासाठी मात्र मी ते वापरणार नाही.

चित्र आलं पण अडखळत असेल तर घरचा अपलोड वेग बघा. १०८० पीच्या मुख्य स्ट्रीमला साधारण २ ते ४ एमबीपीएस लागतात. फोनवर सबस्ट्रीम (कमी दर्जाचं, हलकं चित्र) निवडली तर भागतं. आणि चाचणी नेहमी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर करा, कारण घरात बसून स्वतःचाच सार्वजनिक पत्ता टाकला तर बरेच राउटर उघडू देत नाहीत.

जुने फॉरवर्डिंग नियम काढल्यावर राउटरमधलं यूपीएनपीही (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा. काही कॅमेरे त्याच्या आधारे न विचारता पोर्ट उघडून घेतात. तरी अडलं तर राउटरचं मॉडेल आणि वॅन आयपीचे पहिले दोन आकडे खाली लिहा, पूर्ण पत्ता टाकू नका. पुढचं त्यावरून सांगतो.