सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आहे, पण शेतात कांदळवन उभं आहे. ही जमीन समुद्राने नेली असं समजायचं का?

तुम्ही लिहिलंय की अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या सखल पट्ट्यात, आजोबांच्या नावावर भातशेती आहे, पहिल्यांदाच बघायला गेलात तर तिथे खारफुटीचं रान दिसलं. जमीन गेली का, आणि गावातले लोक अशा वेळी काय करतात, हे तुम्हाला हवंय. मी त्याच पट्ट्यातला. आमचीही जमीन अशीच गेली, म्हणून उत्तर देतो.

समुद्राने नेली हे अर्धंच खरं. खारेपाटातली शेतं मुळातच उधाणाच्या भरतीपेक्षा खाली आहेत. वाडवडलांनी खाडीलगत मातीचा बांध घातला, तो बाहेरकाठा. पावसाचं पाणी बाहेर सोडायला त्यात उघाडी. भरती आली की तिची झडप पाण्याच्या दाबाने मिटते. सगळं गाव एवढ्यावर उभं. खेकड्याने बीळ केलं, त्यातून उधाणाचं पाणी झिरपायला लागलं, की दोन-चार भरत्यांत खांड पडते, म्हणजे बांधाला भगदाड. अमावास्या-पौर्णिमेला तिला हात लावता येत नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, भरती फार चढत नाही, त्या तीन-चार दिवसांत ती बुजवायची. माझ्या लहानपणी घरटी एक माणूस जायचाच. कमरेएवढ्या चिखलात रांग लागायची, चिखलाचे गोळे हातोहात पुढे सरकायचे, मध्ये पेंढा आणि खुंट. माझं काम पेंढा पोचवायचं.

पुढे बांध सरकारी झाले. 1979 चा खारभूमी विकास कायदा आहे, त्याखाली योजना आल्या, आणि गावाची सवय मोडली. आमच्याकडे खांड पडली तेव्हा ती दहा हातांचीही नव्हती. अर्ज दिला, पाहणी झाली, अंदाजपत्रक गेलं, आणि ते मंजूर होईपर्यंत दोन पावसाळे उलटले. तोवर खांडीतून होडी जात होती. मला अजून राग येतो तो या दोन पावसाळ्यांचा. कायदा वाईट नव्हता, पण भांग कुणाच्या मंजुरीसाठी थांबत नाही.

खारं पाणी एकदा शिरून निघून गेलं, तर मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे लागतात. राता नावाचा इथला जुना भात थोडं खारं सोसतो, पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खास वाणही काढलेत. पण रोज दोनदा भरती आत येत राहिली तर भात कुठला टिकणार? गाळ साचतो, त्यात खारफुटी रुजते. आणि मग दुसरं कुलूप लागतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार कांदळवन कुणाच्याही मालकीच्या जमिनीवर असलं तरी ते वनच, भोवतीचे 50 मीटरही राखीव. कांदळवन वाचलंच पाहिजे, किनारा तेच धरून ठेवतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्याच्या शेतात ते बांध फुटल्यामुळे उगवलं, त्याला मोबदला कोण देणार, याचं उत्तर आम्हाला अजून मिळालेलं नाही.

गावात काय होतं ते बाहेरून दिसत नाही. भात गेलं की पेंढा गेला, पेंढ्यामागे गुरं गेली. घराशेजारच्या तळ्यात जिताडा वाढवायचो. खाडीचं पाणी चढलं त्या रात्री मासे निघून गेले. भिंतींना लोणा लागतो. आमच्या माजघरात हात फिरवला की पांढरी भुकटी हाताला येते, आई दर दिवाळीला खरवडून पुन्हा सारवते. भात विकणारी घरं रेशनच्या रांगेत आली, पोरं पनवेल-मुंबईकडे नाहीतर कंपनीत कंत्राटावर. याच खारेपाटातल्या कुळांनी 1933 पासून सहा वर्षं खोतांविरुद्ध चरीचा संप लढवला होता. जमिनीवर हक्क मिळावा म्हणून शेत कसायलाच नकार दिला होता त्यांनी.

तुमच्यापुरतं सांगायचं तर झाडं तोडू नका, गुन्हा दाखल होईल. वारसनोंद करून घ्या. मोजणी मागा, कारण सगळा गट बुडालेला नसतो; वरच्या अंगाचा तुकडा कोरडा असेल तर तो वाचवता येतो, आणि तिथे पाणी शिरलं तर लगेच तलाठ्याकडे पंचनाम्याचा अर्ज द्या. मोजणीआधी एकदा अमावास्येला किंवा पौर्णिमेला या, सकाळी सहा-सातला, पूर्ण ओहोटीला. गावातलं एखादं म्हातारं माणूस सोबत घ्या. चिखलात जुन्या बांधांच्या रेघा तेव्हा दिसतात, आजोबांचा बांध कुठला ते तेच माणूस सांगेल.