गरवायच्या शिशांचा साचा दहा-बारा जणांत मिळून बनवून घ्यायचा आहे. ऑर्डर कशी सांभाळावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईतल्या गरवणाऱ्यांचा, म्हणजे गळाने मासे पकडणाऱ्यांचा, तुमचा ग्रुप आहे, बाजारातली शिसं (गळाच्या दोरीला लावायची शिशाची वजनं) मनासारखी मिळत नाहीत, स्वतःच्या आकाराचा ॲल्युमिनियमचा साचा हवाय, पण वर्कशॉपवाला एका नगाला उभं करत नाही आणि सगळ्यांचे पैसे गोळा करून ऑर्डर द्यायला कोणी पुढे येत नाही. आमच्याकडे ही कामं माझ्या गळ्यात पडतात, म्हणून लिहितो.

मिळून साचे काढून घेण्याची ही रीत अमेरिकेतल्या, बंदुकीच्या गोळ्या घरी ओतणाऱ्या हौशी लोकांत चांगली रुळलेली आहे. त्यांच्याकडून पद्धत घ्यावी, वस्तू घेऊ नये. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं 1959च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरांत ‘मासेमारीचं वजन’ असं लिहा. निमुळत्या शिशाला गरवणारे ‘बॉम्ब’ म्हणतात, तो शब्द फाइलच्या नावात तरी घालू नका. ऑपरेटर आधी मालकाला हाक मारेल.

आता पैशाचं. व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) साचा काढायचा तर प्रोग्राम लिहिणं, टूल लावणं, ठोकळा बांधून मोजमापाचा झिरो सेट करणं हा खर्च एकदाच होतो, मग नग एक काढा की वीस. उदाहरणापुरते आकडे धरा: सेटिंगचे 6000 रुपये आणि दर साच्यामागे धातू व मशीनचा वेळ मिळून 1800. एकट्याला साचा 7800ला पडतो, दहा जणांत 2400ला. आठच उरले तर 2550. म्हणजे दोघांनी ऐन वेळी हात वर केले की बाकीच्यांना दरडोई दीडशेचा भुर्दंड, आणि मग ‘मी कशाला भरू’ सुरू होतं. म्हणून ग्रुपवर अंगठा दाखवला म्हणजे नाव लागलं असं समजू नका. पूर्ण पैसे यूपीआयने आले की नाव पक्कं. वर्कशॉपला ॲडव्हान्स गेल्यावर कोणाला परत मिळणार नाहीत. ज्याला सोडायचंय त्याने आपल्या जागी दुसरा माणूस आणावा. हे आधीच लिहून टाका, अगदी मित्र असले तरी. आणि ऑर्डर सांभाळणाऱ्याला जाण्यायेण्याचा खर्च किंवा एक साचा फुकट द्यायचा असेल तर तो हिशेबात उघड दाखवा. लपवलेले शंभर रुपये जास्त बोचतात.

पण ऑर्डर फसते ती पैशांपेक्षा आकारावरून. बँडस्टँडच्या खडकांवर टाकणाऱ्याला लांबट, गुळगुळीत शिसं हवं असतं, कपारीत अडकू नये म्हणून. गोराई-उत्तनच्या वाळूवर उभं राहणाऱ्याला तारेचे पाय फुटलेलं हवं, ओढीत जागा सोडू नये म्हणून. वाशीच्या खाडीवरचा म्हणणार, चिखलात चपटंच बरं. तिघंही आपापल्या जागी बरोबर, आणि तिघांचं ऐकलंत तर पुढच्या होळीपर्यंत ड्रॉइंगच बदलत बसाल. मतदान एकदाच घ्या, तारीख ठरवून बंद करा. जो हरला त्याला पुढच्या ऑर्डरीचं वचन द्या. माझं मत विचाराल तर एकच आकार आणि तीन वजनं, एकाच ठोकळ्यात शेजारी शेजारी. एका ठोकळ्यात तीन वेगळे आकार कोंबायचा मोह होतो, पण मग प्रत्येकाकडे दोन खाचे धूळ खात पडतात.

वजनाचं गणित ड्रॉइंगच्या आधी करा. शुद्ध शिशाचा एक घनसेंटिमीटर 11.34 ग्रॅम भरतो. म्हणजे 100 ग्रॅमच्या शिशाला सुमारे 8.8 घनसेंटिमीटर जागा लागते, आणि गोळाच करायचा तर व्यास साडेपंचवीस मिलिमीटरच्या आसपास येतो. प्रत्यक्षात शुद्ध शिसं कोण वापरतो! बहुतेक जण टायरवाल्याकडची बॅलन्सिंगची जुनी वजनं वितळवतात, त्यात अँटिमनी असतं, नग जरा हलका भरतो. गरवायला दोन-तीन ग्रॅमने काही बिघडत नाही. बिघडतं ते जस्ताने. हल्ली त्या वजनांत जस्ताचीही मिसळलेली असतात. शिसं 327 अंशांना वितळतं, जस्त 419ला. म्हणून भांडं बेताने तापवा, जी वजनं न वितळता वर तरंगत राहतील ती झाऱ्याने काढून टाका. एकदा जस्त आत विरघळलं की रस दाट होतो आणि खाच्याच्या कडा भरत नाहीत. मग लोक साच्याला नावं ठेवतात. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायच्या फंदात पडू नका, त्यातून विषारी वायू निघू शकतो.

ड्रॉइंग देताना हे बघा: दोन्ही भाग जुळायला डॉवेल पिना, सांध्यापाशी आकार सर्वात रुंद (नाहीतर नग निघणारच नाही), कडीच्या तारेसाठी खाच, हवा जायला बारीक चरे. धातू ॲल्युमिनियमच घ्या. त्याला शिसं चिकटत नाही, ते लवकर तापतं आणि मुंबईच्या हवेत लोखंडासारखं गंजत नाही. दोन्ही भाग मिटून 100 बाय 60 बाय 40 मिलिमीटरचा ठोकळा धरला तर साचा साधारण 650 ग्रॅमचा होतो. दहा साचे पाठीवरच्या बॅगेत लोकलने आणता येतात. लोखंडी असते तर तेच एकोणीस किलोच्या घरात गेले असते. कापलेले ठोकळे गुलालवाडी-किका स्ट्रीटला वजनावर मिळतात. काही वर्कशॉपवाले ‘मटेरियल तुमचं, लेबर आमची’ या बोलीवर खूश असतात. अंधेरी एमआयडीसी, वागळे इस्टेट, वसई, कुठेही जा, पण मोठ्या कंपनीची कामं करणाऱ्यापेक्षा दोन-तीन मशीनवाला गाठा. मोठ्याकडे तुमचा जॉब रोज उद्यावर जातो.

आणि सगळे नग एकदम काढू देऊ नका. आधी एकच काढायला सांगा. तो मिटून ट्यूबलाइटसमोर धरा. सांध्यातून उजेडाची रेघ दिसली तर तिथून शिसं पापुद्र्यासारखं बाहेर येणार, जागेवरच परत करा. उजेड दिसला नाही तर घरी नेऊन ओतून पाहा. आतल्या बाजूला मेणबत्तीची काजळी धरा आणि साचा चांगला तापवून घ्या. पहिले काही नग सुरकुतलेले येतात, तो दोष थंड साच्याचा असतो, मशीनवाल्याचा नाही. पुढचे नग गुळगुळीत आले, तार नीट बसली आणि वजन जुळलं, मगच बाकीच्यांना होकार द्या. या वेळी ग्रुपवर फोटो टाकलात की ‘अजून थोडं जाड केलं तर?’ असे मेसेज येतील. त्यांना उत्तर देऊ नका.

ओतताना पाण्याचा थेंबही नको. ओलसर साच्यात किंवा ओली वजनं टाकलेल्या भांड्यात वाफ होऊन वितळलेलं शिसं अंगावर उडतं. पावसाळ्यात तर नुसत्या दमट हवेनेही साच्याला ओल धरते. मोकळ्या हवेत ओता, जाड हातमोजे, चष्मा आणि बंद बूट घाला, भांडं पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. पोरं जवळ नकोत, शिशाचा त्रास त्यांना सर्वात आधी होतो. काम झालं की हात साबणाने धुतल्याशिवाय चहासुद्धा नाही. ज्यांनी कधी ओतलंच नाही त्यांना साचा देताना हे तोंडी सांगा, नुसता मेसेज कोणी वाचत नाही.

ऑर्डर मे महिन्यात दिलेली बरी. पावसाळ्यात गरवायला जाणं कमी होतं, घाई नसते, आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र जरा शांत झाला की साचे हातात असतात. दिवाळीच्या तोंडावर दिलीत तर कारागीर गावी गेलेले असतात. वाटप दादर स्टेशनला एकाच संध्याकाळी उरका. घरपोच करत बसलात तर बोरिवली ते बेलापूर तुम्हीच फिराल. एक साचा जास्तीचा काढून ठेवा, ग्रुपमध्ये उशिरा जागा होणारा एक तरी असतोच. हँडल मात्र ज्याचं त्याने लावावं. ते ऑर्डरीत घेतलंत तर लाकडी की बेकलाइट यावर आणखी एक मतदान लागेल.