शाळेऐवजी प्रवास, संग्रहालयं आणि ऐतिहासिक वास्तू यांतून ८ आणि ११ वर्षांच्या मुलांना शिकवता येईल का? नियोजन कसं करावं?

येईल, पण सगळं नाही. इतिहास, भूगोल, चित्रकला, विज्ञानाचा बराचसा भाग फिरण्यातून छान होतो. अपूर्णांक, भागाकार आणि शुद्धलेखन होत नाही. त्याला रोजचा सराव लागतो. प्रवासातसुद्धा सकाळी बाहेर पडण्याआधी ४० मिनिटं गणित-लेखनाची ठेवा. संध्याकाळवर ढकललंत की ते बुडालंच म्हणून समजा.

संग्रहालयात हमखास होणारी चूक म्हणजे तिकीट काढलंय म्हणून सगळी दालनं पालथी घालणं. अमेरिकेतल्या संग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६ मध्येच संग्रहालयातल्या थकव्यावर लेख लिहिला होता, आणि त्यात बोट प्रेक्षकांकडे नव्हे, तर वाकून किंवा मान ताणून पाहावं लागेल अशा मांडणीकडे दाखवलं होतं. मुलांची उंची कमी, त्यामुळे त्यांना हा त्रास जास्तच. धाकट्याला पाऊण तास, थोरल्याला सव्वा-दीड तास पुरे. वस्तू पाच-सहाच निवडा. दोन संग्रहालयं एकेकदा पाहण्यापेक्षा एकच दोनदा पाहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जाताना यादी नको, प्रश्न हवा. उदाहरणार्थ, ‘जी लिपी कोणालाच वाचता येत नव्हती, ती वाचली कशी?’ त्यासाठी ब्रिटिश म्युझियममधला रोझेटा शिलालेख घ्या. इ. स. पू. १९६ मधला एकच आदेश त्यावर प्राचीन इजिप्तची चित्रलिपी, डेमोटिक (तिथलीच रोजच्या वापराची लिपी) आणि ग्रीक अशा तीन प्रकारे कोरलाय. तो १७९९ मध्ये सापडला आणि फ्रेंच अभ्यासक शांपोलियोंनी १८२२ मध्ये चित्रलिपीची उकल जाहीर केली. आठवडाभर आधी घरी खेळ करा: प्रत्येक अक्षराला एक खूण ठरवून चार वाक्यं लिहा, दोन विशेषनामांभोवती लांबट गोल काढा आणि त्याच वाक्यांचं साध्या लिपीतलं रूप शेजारी द्या. मुलं आधी नावं शोधतात, मग त्यातल्या खुणांवरून बाकीचं सोडवतात. चित्रलिपीत राजांची नावं अशाच लांबट गोलात असतात आणि उकलीची सुरुवातही त्या नावांपासूनच झाली होती. मग दगडासमोर (किंवा त्याच्या मोठ्या फोटोसमोर) उभं राहून वरच्या, तुटलेल्या भागात ते लांबट गोल शोधायला सांगा. दहा मिनिटं सहज जातात.

वस्तूखालची पाटी वाचायला वेगळं शिकवावं लागतं. काळ, माध्यम, सापडल्याचं ठिकाण, नोंदणी क्रमांक आणि ‘प्रतिकृती’ हा शब्द आहे का, एवढं बघायचं. बऱ्याच संग्रहालयांत नोंदणी क्रमांकाची सुरुवात वस्तू संग्रहात आल्याच्या सालाने होते; सापडली कधी आणि इथे आली कधी, यातलं अंतर थोरल्याला विचारा. चित्र काढायला पेन्सिलच न्या, शाईचं पेन अनेक दालनांत चालत नाही. वस्तू शोधून खूण करायच्या तयार कागदांवर माझा फारसा विश्वास नाही. मुलं खूण करतात आणि पळतात, वस्तू पाहतच नाहीत.

वास्तूपाशी गणित करून घ्या. १ मीटरची काठी उभी धरा. तिची सावली ८० सेंटिमीटर आणि मनोऱ्याची २० मीटर असेल, तर उंची २० ÷ ०.८ = २५ मीटर. दोन्ही मापं पाच मिनिटांच्या आत घ्या, नाहीतर सूर्य सरकतो. जमीन उताराची असली की उत्तर चुकतं. शिवाय उंच वास्तूच्या सावलीचं टोक पुसट दिसतं, कारण सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. पिरॅमिडला वेगळीच गोम आहे: टोक पायाच्या मधोमध असतं, म्हणून सावलीचा एक भाग पायाखालीच दडतो. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचा पाया सुमारे २३० मीटर. ऊन एका बाजूवर काटकोनात पडत असताना बाहेरच्या सावलीत ११५ मीटर मिळवावे लागतात. भिंतींचा उतार सुमारे ५२ अंश, त्यामुळे तशा वेळी सूर्य त्याहून वर असेल तर सावली बाहेर येतच नाही.

ऊन नसलं तर चौरस (चारही बाजू सारख्या असलेला) कागद कर्णावर दुमडा. त्याचा ४५ अंशांचा कोन डोळ्याशी धरून, खालची कड आडवी ठेवून, तिरक्या कडेच्या रेषेत शिखर दिसेपर्यंत मागे सरका. पायापर्यंतचं अंतर अधिक डोळ्याची उंची म्हणजे वास्तूची उंची. लोक नेमकी डोळ्याची उंची मिळवायला विसरतात.

निघण्यापूर्वी साप्ताहिक सुट्टी, शेवटच्या प्रवेशाची वेळ, मोठ्या बॅगांचा नियम आणि हवी ती वस्तू सध्या दालनात आहे का, हे तपासा. वस्तू दुरुस्तीला किंवा दुसरीकडे प्रदर्शनाला गेलेल्या असतात.

त्याच दिवशी धाकट्याकडून एक चित्र आणि तीन वाक्यं, थोरल्याकडून पानभर मजकूर घ्या. तारीख, ठिकाण, विषय आणि लागलेला वेळ लिहून फाइलला लावा. पुढे शाळेत घालायचं ठरलं किंवा कोणी पुरावा मागितला तर हीच फाइल कामी येते. नियम देशागणिक वेगळे आहेत. जर्मनीत तर मुलांना शाळेत पाठवणंच सक्तीचं आहे. म्हणून शाळेतून नाव काढण्याआधी तुमच्याकडचा कायदा वाचा.