मागची भोकं बघा, मग बॉक्स घ्या

प्रश्न : काका, मी पुण्यात असते. आई जत तालुक्यात गावी एकटीच आहे, वय ७६. गावातल्या केबलवाल्याने धंदा गुंडाळला, तेव्हापासून घरातला टीव्ही बंद आहे. दर महिन्याचं रिचार्ज तिला जमत नाही आणि मी विसरते, म्हणून दूरदर्शनची बिनरिचार्जची फ्री डिश बसवायचं चाललंय. टीव्ही २१ इंची, जुना, डब्ब्यासारखा. जतच्या एका दुकानात ९०० चा बॉक्स दाखवला आणि १६०० चा. दुकानदार म्हणाला, "दोन्ही सारखेच, हा जरा दिसायला भारी." कोणता घेऊ? शेजाऱ्यांची एका खासगी डीटीएचची छत्री गच्चीवर पडून आहे, ती चालेल का?

उत्तर : ताई, दोन्ही सारखे असते तर त्याने ७०० रुपये जास्त कशाचे सांगितले असते? फरक दिसण्यात नाही, खोक्यावरच्या बारीक अक्षरात आहे. तिथे 'एमपीईजी-४' छापलंय का ते बघा. ९०० वाल्यावर बहुतेक 'एमपीईजी-२' असेल.

डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने फ्री डिश 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू केली, तेव्हा सगळं एमपीईजी-२ मध्ये यायचं. चित्र दाबून, घडी घालून पाठवायची ती जुनी रीत. एमपीईजी-४ ची घडी अजून लहान होते, तेवढ्याच जागेत जास्त चॅनल मावतात. आता फ्री डिशवर दोन्ही प्रकारचे चॅनल आहेत. नवा बॉक्स दोन्ही उलगडतो, जुना फक्त जुनी घडी उलगडतो. जुन्या बॉक्सवर नव्या रीतीचं चॅनल यादीत सापडलंच, तरी पडदा काळाच राहतो.

हे मी पदरमोड करून शिकलोय. मिरजेत दुकान असताना एका निवृत्त गुरुजींना मी स्वस्तातला बॉक्स दिला. माझ्याकडे पाच पडून होते, खपवायचे होते, खोटं कशाला बोलू. सहा महिन्यांनी गुरुजी कापडी पिशवीत बॉक्स घेऊन आले. रागावले नाहीत. काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "शेजारच्याकडे दिसतं ते माझ्याकडे दिसत नाही, माझ्या डोळ्यांत काही आहे का बघा." बदलून दिला, पैसे घेतले नाहीत, पण ते वाक्य अजून कानात आहे. तेव्हा १६०० चा एमपीईजी-४ असेल तर तोच. प्रसार भारतीने मान्यता दिलेल्या कंपन्यांचे बॉक्सही मिळतात. त्यातला मिळाला तर बरंच, बिल मात्र मागून घ्या.

पण पैसे मोजण्याआधी एक काम. आईंच्या टीव्हीच्या मागची बाजू बघा किंवा शेजारच्या पोराला मोबाइलवर फोटो काढून पाठवायला सांगा. पिवळं, पांढरं, लाल अशी तीन गोल भोकं दिसतील, ती एव्ही. जुन्या टीव्हींवर कधी पिवळं आणि पांढरं अशी दोनच असतात, तेही चालतं. पिवळ्यातून चित्र, बाकीतून आवाज. तुमच्या डब्ब्याला एचडीएमआय, म्हणजे नव्या टीव्हींना असतं ते चपटं भोक, नसणार. काही नव्या बॉक्सना मात्र फक्त एचडीएमआय असतं. असा बॉक्स कितीही चांगला असला तरी आईंच्या उपयोगाचा नाही. दोन्ही असलेला घ्या, म्हणजे उद्या टीव्ही बदलला तरी बॉक्स तोच राहील.

बॉक्सच्या मागे '१२ व्होल्ट' लिहिलेलं असेल तर उत्तम. लाईट गेली की १२ व्होल्टच्या बॅटरीवर तो चालतो. डब्बा टीव्ही चालत नाही हा भाग वेगळा, पण पुढेमागे छोटा १२ व्होल्टचा टीव्ही घेतलात तर कामाला येईल.

आता छत्री. शेजाऱ्यांची खुशाल वापरा. पत्रा चेपलेला नसला आणि पुढच्या दांड्यावरचा एलएनबी (सिग्नल पकडणारी डबी) फुटलेला नसला म्हणजे झालं. त्यांचा बॉक्स मात्र नको, तो त्या कंपनीच्या कुलपातला असतो. छत्री फक्त फिरवावी लागेल. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, तो ९३.५ अंश पूर्वेला आहे. जतहून बघितलं तर आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर. छत्री तेवढी वर बघताना दिसणार नाही, तिचा दांडा खालून तिरका येतो म्हणून ती जरा उभीच वाटते. फसू नका.

मधे झाड येतं का, हे ओळखायची माझी एक युक्ती आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, किंवा ऑक्टोबर लागताना अकराच्या आसपास, सूर्य बरोबर त्या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी छत्रीच्या जागी ऊन पडलं तर वाट मोकळी. कडुनिंबाची सावली पडली तर जागा बदला. (त्याच दिवसांत काही मिनिटं चित्र जाऊ शकतं. बॉक्स बिघडला म्हणून धावू नका.)

वायर आरजी-६ घ्या आणि पिन लावताना स्वतः उभ्या राहा. वायर सोलली की मधे तांब्याची एक जाड तार दिसते, तिच्याभोवती पांढरं प्लास्टिक आणि त्यावर केसासारखी जाळी. ती जाळी मागे दुमडायची असते. एक केस जरी पुढे राहून मधल्या तारेला टेकला तर वरच्या एलएनबीला वीज जात नाही आणि पडद्यावर 'नो सिग्नल'. माझ्याकडे 'बिघडलेले' म्हणून आलेल्या बॉक्सांपैकी कितीतरी या एका केसामुळे आलेले होते. चिमट्याने केस काढायचा आणि बॉक्स परत द्यायचा. पैसे काय घ्यायचे, हा प्रश्नच पडायचा.

दुकानदार "अमुक चॅनल येतं, तमुक येतं" सांगेल, त्यावर बॉक्स निवडू नका. खासगी चॅनल इथली जागा लिलावात घेतात आणि सोडतातही. २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांची हिंदी मनोरंजनाची चॅनलं एकदम निघून गेली होती, २०२० मध्ये परत आली. सह्याद्री मात्र दूरदर्शनचंच आहे. चॅनल गायब झालं की मेन्यूत जाऊन पुन्हा 'स्कॅन' करायचं. हे आईंना नाही, शेजारच्या पोराला शिकवा.

आणि रिमोट दुकानातच हातात घेऊन बघा. बटणं मोठी हवीत. घरी दोन रिमोट होतील, टीव्हीचा आणि बॉक्सचा. टीव्हीच्या रिमोटवर चालू-बंद आणि एव्ही या दोन बटणांना लाल नेलपॉलिशचा ठिपका लावा. बाकीची बटणं चिकटपट्टीने झाकून टाका. माझ्या आईला मी असंच करून दिलं होतं. ती त्याला 'टिकली लावलेला' म्हणायची.

प्रश्न : मुलाने इंग्लंडहून येताना तिथला फ्रीव्ह्यूचा बॉक्स आणलाय. तिकडे तो फुकट चालतो, कोल्हापुरात चालेल का?

उत्तर : नाही चालणार. फ्रीव्ह्यू तिथे २००२ पासून आहे, पण तो उपग्रहावरून येत नाही. जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येतो आणि घरावरच्या अँटेनाने पकडतात, आपल्याकडे पूर्वी पुण्यात सिंहगडाच्या मनोऱ्याकडे तोंड करून अँटेना लावायचे तसा. त्या बॉक्सला छत्रीची वायर जोडून उपयोग नाही, तो एलएनबीला वीजच देत नाही. दूरदर्शनने २०१६ साली मुंबईसह १६ शहरांत मनोऱ्यावरून डिजिटल प्रसारण सुरू केलं होतं, कोल्हापूर त्यात नव्हतं. इथे दुकानात खोक्यावर नुसतं 'डीव्हीबी-टी२' असेल तर तोही घेऊ नका, तो मनोऱ्याचा. उपग्रहाचा 'डीव्हीबी-एस२' हवा. एका अक्षराचा फरक आहे, चष्मा लावून वाचा.

प्रश्न : पाऊस आला की चित्र चौकोनी तुकडे होऊन थांबतं. दुकानदार म्हणतो बॉक्स बदला.

उत्तर : बॉक्स नका बदलू, दुकानदार बदला. छत्रीवर येणाऱ्या लहरी जोराच्या पावसात आणि दाट ढगात शोषल्या जातात, महागड्या बॉक्सलाही ते चुकत नाही. पाऊस ओसरल्यावर चित्र आलं तर काही करायचं नाही. रिमझिम पावसातही जात असेल तर छत्री थोडी हललेली असते, कोणाला तरी टीव्हीसमोर सिग्नलचा आकडा वाचायला बसवून ती केसभर फिरवून बघा. आणि ऊन पडल्यावरही आलं नाही तर एलएनबीची पिन उघडा. आतली तार हिरवी पडली असेल तर पाणी शिरलंय. वीतभर वायर कापून नवी पिन लावा आणि पिनेच्या आधी वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल.