शेजारी कोण बसलंय ते आधी बघ

प्रिय लेकरा,

सलाम.

तुझा मेसेज दोनदा वाचला. मोबाईलवर उत्तर लिहायला घेतलं की माझा अंगठा दुखतो आणि राग नीट उमटत नाही, म्हणून कागद घेतला. राग आहे, हे आधीच सांगून टाकते. पावसाळ्यापासून तू प्रभुभोजन घेत नाहीस, येशूनं शेवटच्या रात्री शिष्यांना दिली तशी उपासनेत वाटली जाणारी भाकर आणि द्राक्षरस टाळतोस, हे मला तुझ्या आईकडून कळावं? महिन्याच्या पहिल्या रविवारी गावी येतोस, गाणी म्हणतोस, उपदेश ऐकतोस आणि भाकर फिरायला लागली की चपला शोधायला बाहेर जातोस.

तुझा गोंधळ मला कळला. वैजापूरकडच्या मित्राच्या लग्नात मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना, होती, सगळे रांगेत उठले म्हणून तूही उठलास, आणि कुणीतरी हळूच खांद्यावर हात ठेवून तुला बसवलं. मग संभाजीनगरातल्या प्रार्थनेच्या हॉलमधले ब्रदर म्हणाले, ते नुसतं चिन्ह आहे, मनात विश्वास असला की झालं. त्यावर होस्टेलमधल्या पोरानं विचारलं, मनुक्याचं पाणी प्यायलं की तुमचा देव पोटात जातो का रे? आणि आता तू मला विचारतोस, "बाई, नक्की काय असतं ते? शरीर, चिन्ह, की काहीच नाही?"

लेकरा, या प्रश्नावर माझ्यापेक्षा शहाणी माणसं भांडून थकली. कॅथलिक मंडळी, म्हणजे त्यांचं चर्च, म्हणते की भाकरीचं रूप, रंग, चव तीच राहते पण आतलं तत्त्व ख्रिस्ताचं शरीर होतं. १२१५ साली रोमच्या लॅटरनमधल्या धर्मपरिषदेत हे मांडलं गेलं आणि १५५१ साली ट्रेंटच्या परिषदेनं ते पक्कं केलं. मग सोळाव्या शतकातले प्रॉटेस्टंट सुधारक आले. ल्यूथर म्हणाला, भाकर भाकरच राहते, पण प्रभू तिच्यात आणि तिच्यासोबत खरोखर असतो. झ्विंगली म्हणाला, हे स्मरण आहे, प्रभू तर पित्याच्या उजवीकडे बसलेला आहे. कॅल्विन म्हणाला, आत्म्याच्या द्वारे आपण खरोखर त्याच्याशी जोडले जातो. तुझे हॉलवाले ब्रदर झ्विंगलीच्या बाजूचे, हे त्यांना माहीत असो वा नसो.

पण यातली एक गोष्ट मात्र तुला सावकाश सांगायची आहे. १५२९ साली जर्मनीतल्या मारबुर्गच्या किल्ल्यात ल्यूथर आणि झ्विंगली समोरासमोर बसले. ल्यूथरनं खडू घेऊन मेजावर लिहून ठेवलं, "हे माझे शरीर आहे", आणि तिथून तो तसूभर हलला नाही. पंधरा कलमं होती. चौदांवर दोघांचं एकमत झालं. पंधरावं प्रभुभोजनाचं. त्यातलंही बरंचसं जुळलं, अडलं ते एवढ्यावरच की भाकरीत आणि द्राक्षारसात प्रभू देहानं असतो का. तेवढ्यावरून ल्यूथरनं झ्विंगलीला भाऊ म्हणायला नकार दिला. झ्विंगलीच्या डोळ्यांत पाणी आलं असं सांगतात. ज्या मेजावर सगळ्यांनी एक व्हायचं, त्याच मेजाच्या अर्थावरून दोघे वेगळे उठले. चर्चा करताना एकालाही शेजारी कोण बसलंय ते दिसलं नाही.

तेच तर माझं म्हणणं आहे. आधी शेजारी कोण बसलंय ते बघ.

मी हे माझ्या पदरचं सांगत नाही. प्रभुभोजनाबद्दल आपल्याकडे असलेला सगळ्यात जुना लेख बायबलातला, प्रेषित पौलानं ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला, साधारण इ. स. ५४-५५ चा, येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांच्या आधीचा. तो अकरावा अध्याय मंडळीत आपण तेविसाव्या वचनापासून वाचतो: प्रभू येशूला ज्या रात्री धरून देण्यात आलं, त्या रात्री त्यानं भाकर घेतली. वाचतो आणि डोळे मिटतो. वरची वचनं कोण वाचतं? घरी जाऊन तू वाच. करिंथात खाऊनपिऊन सुखी असलेली माणसं लवकर यायची, आपापलं आणलेलं जेवून घ्यायची. कामकरी, गुलाम मागून यायचे तेव्हा एकाच्या पोटात भूक आणि दुसऱ्याला चढलेली. पौल तापतो. तुम्हाला खायला-प्यायला घरं नाहीत काय, असं विचारतो. तुम्ही हे प्रभूचं भोजन करतच नाही, असं तोंडावर सांगतो. मग पुढे शरीर न ओळखता जो खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, असं म्हणतो. हे कुठलं शरीर? एक अध्याय मागे जा: भाकर एक आहे म्हणून आपण पुष्कळ असून एक शरीर आहोत. म्हणजे ज्यांच्या आधी जेवून तुम्ही मोकळे झालात, ते शरीर. आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन नव्यानं बाप्तिस्मा झालेल्यांना हेच सांगायचा की मेजावर तुमचंच रहस्य ठेवलेलं आहे.

आता आपल्याकडे बघ. आपला मुलूखच असा की कोण कुणाच्या हातचं खातं यावरून माणसाची जागा ठरायची. पैठणच्या नाथांनी श्राद्धाचं अन्न अस्पृश्यांना वाढलं आणि ब्राह्मणांनी केवढा गहजब केला, ही गोष्ट तू शाळेत ऐकली आहेस. आणि जालन्याजवळचं बेथेल? रेव्हरंड नारायण शेषाद्री ब्राह्मण घरातले, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. निजामाच्या मुलखात येऊन त्यांनी मिळवलेल्या जमिनीवर ते गाव वसवलं, आणि त्यांच्याभोवती जी मंडळी उभी राहिली त्यात मांग समाजाची माणसं फार मोठ्या संख्येनं. शेषाद्रींनी तत्त्व बदलतं की नाही यावर काय उपदेश केला, त्याच्याशी मला देणंघेणं नाही. अशा माणसानं अशा माणसांबरोबर एक भाकर मोडली, एवढं मला पुरतं.

बाप्तिस्म्यानं सगळं धुऊन निघालं असं मात्र समजू नकोस. मी लहान असताना आमच्या गावच्या मंडळीत एकच प्याला होता. तो पुढच्या बाकापासून मागे जायचा. काही घरं लेकराबाळांसह उपासनेच्या अर्धा तास आधी येऊन पुढची बाकं का धरतात, हे मला फार उशिरा कळलं. मागे कोण बसायचं ते तुला सांगायला नको. नावं योहान, मार्था, शलमोन झाली, बाकं तीच राहिली. नंतर क्षयाच्या भीतीनं छोटे छोटे कप आले आणि तो प्रश्न मिटला. मिटला म्हणजे कुणालाच तो सोडवावा लागला नाही. ती मंडळी पुढे फुटली, त्यांची आता दोन देवळं आहेत, आणि एकाच आजोबाची नातवंडं वेगवेगळ्या मेजांवर जातात. ज्यांना सोडवता आला असता ते कधीच प्रभूकडे गेले. मला वाईट वाटतं ते या गोष्टीचं, जर्मनीतल्या भांडणाचं नाही.

तू म्हणशील, बाई पुन्हा तिथंच आल्या. येणारच. १९७२ च्या दुष्काळात मी सहावीत होते. बाबा आणि आई दोघं खडी फोडायला जायचे. पाव आणायचा तर शहरातून, आणि एस.टी.ला पैसे कुणाकडे होते? त्या रविवारी पाळकबाईंनी स्वतःच्या तव्यावरची मिलोची भाकरी आणली. मिलो म्हणजे ती अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, रेशनवर मिळायची. रंग विटकरीसारखा, कडा चिरलेल्या, निवली की लाकूड. पाळकांनी ती उचलून मोडली तर दोन तुकडे झालेच नाहीत, भुगाच झाला, पांढऱ्या कापडावर सगळीकडे. पाळक बोटानं एकेक कण गोळा करत बसले. कुणी गाणं धरलं नाही, कुणी हललं नाही. मग चिमूट चिमूट प्रत्येकाच्या तळहातावर आली. त्या दिवशी पुढच्या बाकावरच्यांना आणि मागच्या बाकावरच्यांना सारखीच चिमूट मिळाली, कारण दोघांच्या घरी तीच भाकरी होती.

कॅथलिक नियमानं ते भोजन चाललं नसतं. गव्हाचीच भाकर आणि द्राक्षाचाच आंबवलेला रस लागतो त्यांच्याकडे. त्या नियमाचा मला राग नाही, आणि तुझ्या मित्राच्या लग्नात ज्यानं तुला बसवलं त्याचाही तू धरू नकोस. त्यांच्या लेखी मेज एक असणं म्हणजे मंडळी पूर्ण एक असणं. ती अजून झालेली नाही, आणि ते ती झाल्याचं ढोंग करत नाहीत. दुखतं, पण त्यात खोटेपणा नाही. हॉलमधल्या ब्रदरांचं "मनात असलं की झालं" मला जास्त खुपतं. मनात कुणीही कुणाबरोबर जेवू शकतो. मनात शेजारी बसलेल्याचा कोपर लागत नाही.

होस्टेलमधल्या पोराला सांग, हो, मनुक्याचंच पाणी असतं, आणि ते बाई करतात. शनिवारी रात्री काळे मनुके धुऊन भिजत घालते, सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर शिजवते, निवल्यावर मलमलच्या फडक्यातून पिळते. पहिल्यांदा गढूळ निघतं, पुन्हा गाळावं लागतं. साखर मी घालत नाही, तरुण संघाचं म्हणणं घालावी. न आंबवलेला रस वापरायची रीत पसरवली ती अमेरिकेतल्या थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दातांच्या डॉक्टरानं. १८६९ साली त्यानं पाश्चरच्या पद्धतीनं द्राक्षरस तापवून बाटलीत टिकवला, तो प्रभुभोजनासाठीच. त्याला दारू नको होती, मलाही नको आहे. दारूनं उठलेली घरं आपल्या वस्तीत कमी नाहीत. पण त्या फडक्याचे डाग कशानंही निघत नाहीत आणि तासभर माझी बोटं जांभळी राहतात, तेव्हा हे नुसतं चिन्ह आहे असं मला तरी म्हणवत नाही.

तू विचारलंस म्हणून सांगते: प्रभू तिथे असतो असं मी मानते. कसा, हे मला सांगता येणार नाही. १९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा प्रॉटेस्टंट मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तीत अँग्लिकन होते तसे बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही होते. हे कोडं आधी सोडवू आणि मग एकत्र जेवू, असं ते म्हणत बसले असते तर आजही वाट बघत असते. आधी जेवायला बसले. मारबुर्गवाल्यांपेक्षा नागपूरवाले शहाणे, असं मी म्हटलं तर पाळक हसतात. हसू देत.

आता मंडळीच्या कमिटीत माझं काय झालं तेही ऐक, कारण आईनं तुला अर्धंच सांगितलं असणार. कपांचा विषय मी सोडून दिला. क्षयानं माणसं गेलेली मी पाहिली आहेत, कोरोनाही पाहिला. पण पाव घरीच सुरीनं कापून, चौकोनी तुकडे ताटात रचून आणायचे, हे मला मान्य नाही. वेळ वाचतो म्हणे! दहा मिनिटं वाचवून घरी जाऊन करायचं काय? एक अख्खी भाकर सगळ्यांच्या देखत मोडली पाहिजे, म्हणजे माझ्या हातातला तुकडा कुणाच्या तुकड्याला चिकटलेला होता हे मला दिसतं. यावर मला हट्टी म्हणतात, जुनाट म्हणतात. एका भल्या माणसानं तर बाईंना शाळेची सवय आहे, मंडळीतही हजेरी घेतात, असं म्हटलं. घेतेच. शरीरातलं कोण आलं नाही हे कुणीतरी बघायला नको? मी सोडून दुसऱ्या मंडळीत जाऊ शकले असते, बोलावणीही आली होती. गेले नाही, कारण मग मला आवडणाऱ्यांबरोबरच जेवणं झालं असतं, आणि त्याला प्रभुभोजनाची गरज लागत नाही, हॉटेल पुरतं.

तुझं खरं कारण मला ठाऊक आहे. मेसेजच्या शेवटी तू एका ओळीत लिहिलंस, "शिवाय मी लायक नाही वाटत." बाकी सगळं ल्यूथर आणि होस्टेल पुढे करून तू हे मागे लपवलंस. लूकचं शुभवर्तमान वाच: शेवटच्या रात्री प्याला दिल्यानंतर प्रभू म्हणतो की मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे. त्याच मेजावरचा शिष्य पेत्र पहाटेच्या आत त्याला तीनदा नाकारणार होता, बाकीचे पळून जाणार होते. लायक लोकांसाठी थांबायचं असतं तर त्या माडीवर प्रभू एकटाच जेवला असता. करिंथातल्यांना पौलानं झापलं ते शेजारचा उपाशी असताना जेवले म्हणून. तुझ्या मनात पाप आहे म्हणून भाकर घ्यायची नसेल तर मंडळीत कुणीच घेणार नाही, आणि मला मनुके भिजवायची गरज राहणार नाही.

आणि हे पाप म्हणजे काय, तर चुलत्याशी विहिरीवरून झालेलं भांडण. सामाईक विहीर, मोटारीची पाळी, रात्रीची लाईट, तुझ्या बाबांची मोसंबी वाळली आणि त्यांची हिरवी राहिली. तू चारचौघांत त्यांच्या अंगावर धावून गेलास. ते पलीकडच्या बाकावर बसतात, भाकर त्यांच्याकडून तुमच्या रांगेत येते, आणि तेवढ्यासाठी तू चपला शोधायला जातोस. मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात लिहिलंय, अर्पण वेदीपुढे तसंच ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. त्यात "मग ये" आहे, "घरी जा" नाही.

तेव्हा या पहिल्या रविवारी शनिवारच्या एस.टी.नं ये आणि संध्याकाळी चुलत्याच्या घरी जा. माफी मागायची की नाही ते तुझं तू ठरव, पण चहा घे. त्यांच्या घरचा. सकाळी त्यांच्याच बाकावर बस. मोटारीच्या पाळीचं पंचांसमोर नंतर बघू, कागद मी काढून ठेवलेत.

हे पत्र मात्र त्यांना दाखवू नकोस. पाळीच्या हिशेबात मला त्यांचंच बरोबर वाटतं, आणि ते त्यांना आताच कळायला नको.

तुझी,
बाई