मेळघाटातल्या कुपोषित मुलांसाठी काय न्यावं?

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत आमचा मित्रांचा गट धारणी-चिखलदऱ्याकडे जाणार आहे. प्रोटीन पावडर, बिस्किटं आणि कपडे गोळा करतोय. आणखी काय न्यावं? आणि इतक्या योजना असूनही तिथले आईबाप मुलांकडे लक्ष का देत नाहीत?

उत्तर:

प्रोटीन पावडर नेऊ नका. बिस्किटंही नकोत. कपड्यांबद्दल खाली सांगते, पण खरं तर तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले आहे.

आधी पावडरीचं. अतितीव्र कुपोषित मुलाचं, आमच्या भाषेत सॅम मुलाचं, यकृत, मूत्रपिंड, हृदय सगळंच मंदावलेलं असतं. म्हणून पोषण पुनर्वसन केंद्रात सुरुवातीला मुद्दाम कमी प्रथिनांचं दूध देतात, एफ-75. त्याच्या 100 मिलीत 75 कॅलरी असतात. किलोमागे दिवसाला 130 मिली, अंगावर खूप सूज असेल तर 100, आणि तेही दर दोन तासांनी थोडं थोडं, रात्रीसुद्धा. भूक परतली आणि सूज उतरायला लागली की मग एफ-100 या जास्त ताकदीच्या दुधावर नेतात. लोहाचं औषधसुद्धा वजन वाढायला लागेपर्यंत देत नाहीत. अशा पोराला कुणी मायेनं मोठ्यांची पावडर कालवून पाजली तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. बिस्किटानं एवढा धोका नाही, पण मैदा आणि साखर खाऊन भूक मरते आणि पुढचं जेवण तसंच राहतं.

आता 'लक्ष देत नाहीत' याबद्दल. हेच मी तालुक्याच्या एका बैठकीतही ऐकलं आहे. चौदा महिन्यांचा मुलगा, इथल्या कोरकू या आदिवासी जमातीतला, दोन्ही पावलांवर सूज, दंडाचा घेर 11 सेंमीच्या आत. त्याला भरती केलं आणि पाचव्या दिवशी आई त्याला घेऊन निघून गेली. रजिस्टरवर शेरा पडला, 'आई पळून गेली'. बैठकीत एक साहेब म्हणाले, "यांना पोटच्या पोराचंही काही नसतं." त्या वाक्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

झालं होतं असं. सूज म्हणजे अंगात साचलेलं पाणी. उपचार लागू पडला की ते लघवीवाटे निघून जातं आणि वजन आधी घटतं. भरतीच्या दिवशी 7 किलो 200 ग्रॅम असलेलं पोर पाचव्या दिवशी 6 किलो 700 वर आलं होतं. सुजेनं गुबगुबीत दिसणारा चेहरा सुकला, बरगड्या मोजता यायला लागल्या. खायला भाकरी नाही, भात नाही, दर दोन तासांनी अर्धी वाटी पातळ दूध. आईनं काटा पाहिला, पोराचं तोंड पाहिलं आणि ठरवलं की इथे लेकराला उपाशी मारताहेत. तिच्याइतक्या बारकाईनं त्या पोराकडे वॉर्डात दुसरं कुणीच पाहत नव्हतं. 'वजन उतरतंय हे चांगलं लक्षण आहे, आठवडाभरात चढायला लागेल,' एवढं तिला कोरकूतून सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

शिवाय घरी मोठी मुलगी म्हाताऱ्या सासूच्या भरवशावर आणि शेतात सोयाबीन उभं. बुडीत मजुरी मिळते म्हणावं तर ती नंतर, खात्यावर. आज सोंगणीला गेलं नाही तर आजचे पैसे गेले ते गेलेच. पुढे आशाताई घरी जाऊन बसली, तिच्या भाषेत समजावलं, मुलगी मावशीकडे ठेवायची सोय केली आणि तीच आई पोराला घेऊन परत आली. पोर वाचलं. बैठकीत हे सगळं सांगितल्यावर साहेब म्हणाले, "अपवाद असतात."

अपवाद नाही तो. वर्षानुवर्षं हेच चालू आहे, आणि त्याचं कारण योजनांच्या रचनेतच आहे. अंगणवाडीत रोज गरम ताजा आहार मिळतो तो तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. पोर घसरतं ते सहा महिने ते दोन वर्षं या वयात, वरचं अन्न सुरू होतं तेव्हा. त्या वयाला सरकार देतं टीएचआरचं, म्हणजे 'टेक होम रेशन'चं पाकीट, घरी न्यायला. पाकीट शिजवून भरवणार कोण? आई सकाळी रानात जाते ती दिवे लागताना परतते, आणि तोवर पोर आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं. त्या वयाच्या मुलाला दिवसातून तीन-चार जेवणं आणि मध्ये एक-दोन वेळा खाऊ लागतो. आठ किलोच्या पोराच्या पोटात एका वेळी साधारण 240 मिली मावतं. सकाळच्या पातळ पेजेनं ते पोट भरतं, पण त्यात कॅलरी नसतात. तीच पेज घट्ट करून वर चमचाभर तेल घातलं तर चाळीसेक कॅलरी जास्त जातात. पण तेल महाग, आणि दुपारी भरवायला घरात मोठं माणूस नाही.

अमृत आहार योजनेत 2015 पासून गरोदर बायकांना आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. सात महिन्यांपासूनच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी मिळतात. योजना चांगली आहे, तिची टिंगल मला सहन होत नाही. पण अंडं ढाण्यापर्यंत, म्हणजे आतल्या कोरकू वस्तीपर्यंत, पोचवायचं म्हणजे वाटेत फुटतं, आणि मंजूर दर बाजारभावापेक्षा कमी पडला की अंगणवाडी सेविका पदरचे पैसे घालते. माझं मत स्पष्ट आहे: तीन वर्षांखालच्या मुलांसाठी गावातच दिवसभराचं पाळणाघर हवं, तिथे गावातल्याच दोन बायका पगारावर हव्यात. छत्तीसगडमध्ये सुरगुजात 'फुलवारी' नावानं हे केलं गेलंय. अशक्य काही नाही त्यात.

आता तुमच्या सहलीचं. तुम्ही चुकीच्या महिन्यात चाललाय. दिवाळीत घरात नवं धान्य असतं, आणि दिवाळी उरकली की बरीच कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात ती होळीला परततात. वाईट दिवस असतात जुलै ते सप्टेंबर: कणग्या रिकाम्या, आई पेरणी-निंदणीला, जुलाब, ताप, न्यूमोनिया, आणि नाल्याला पूर आला की रस्ता बंद. पैसे जमा करून ठेवा आणि मे महिन्यात द्या. भरती झालेल्या मुलाच्या आईला रोजच्या रोज हातात मजुरी आणि घरच्या भावंडांच्या जेवणाची सोय, एवढ्यावरच खर्च केलात तरी पुष्कळ झालं. कोरकू बोलणारी एक बाई वॉर्डात बसवता आली तर सोन्याहून पिवळं. हे केंद्राच्या डॉक्टरांशी आधी बोलून करा, परस्पर वाटप नको.

वस्तूच न्यायच्या असतील तर सेविकेला फोन करून विचारा. वजनकाट्याचे सेल, धान्याला उंदीर लागू नये म्हणून झाकणाचे पत्र्याचे डबे, साबण, मच्छरदाण्या, नवजात बाळाला गुंडाळायला मऊ सुती कापड. मोठ्यांचे जुने कपडे नकोत. आणि फोटोसाठी पोरांना रांगेत उभं करू नका.

मोजमापाबद्दलही एक, कारण हौशी मंडळी तिथे जाऊन उंची-वजन घेतात आणि आकडे पसरवतात. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून घ्यायची, त्यानंतर उभं करून. दोन्हींत 0.7 सेंमीचा फरक पडतो. गुडघे सरळ दाबले नाहीत तर लांबी दोन-तीन सेंमी कमी भरते, आणि मग तेच वजन त्या लांबीला 'बरं' दिसतं. या वयात 1 सेंमीला साधारण 200 ग्रॅम धरले तर तीन सेंमीच्या चुकीनं सॅम मूल कागदावर मध्यम कुपोषित होतं. दंडाचा घेर मोजायच्या पट्टीत, दंडपट्टीत, चुकायला जागा कमी. डावा दंड, खांदा आणि कोपर यांचा मध्य, पट्टी घट्ट नाही आणि सैलही नाही. 11.5 सेंमीखाली सॅम, 11.5 ते 12.5 मध्यम. हे फक्त सहा महिने ते पाच वर्षांसाठी.

राहिलेलं सांगते. मी मेळघाटाबद्दल बोलतेय. धडगाव-अक्कलकुवा, जव्हार-मोखाडा, भामरागड या दुसऱ्या आदिवासी तालुक्यांतली भाषा वेगळी, स्थलांतराचा हंगामही वेगळा. आणि पोराला आधी भूमकाकडे, म्हणजे गावच्या वैदूकडे, नेतात, पोटावर डंबा म्हणजे तापल्या लोखंडाचा डाग देतात, हे मी नाकारत नाही. त्यात मोलाचे दिवस जातात आणि बाळाला इजाही होते. पण भूमका त्याच ढाण्यात राहतो, रात्री हाक मारली तरी येतो, त्यांच्या भाषेत बोलतो. आपल्या दवाखान्यानं यातलं एक तरी करून दाखवावं.

तिथे गेल्यावर एखादं मूल सुस्त वाटलं तर दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्यानं तीन सेकंद दाबून बघा. दोन्हीकडे खड्डा राहिला तर मूल गुबगुबीत दिसत असलं तरी त्याच दिवशी आशाताईला सोबत घेऊन आरोग्य केंद्रात न्या. वाटेत अंगावरचं दूध चालू ठेवायला सांगा, साखरपाणी घोटघोट पाजा, पोराला आईच्या अंगाशी धरून वरून पांघरूण घाला.