वन्यजीव छायाचित्रकार होऊ पाहणाऱ्या मुलीच्या आईस

दापोली तालुक्यातील किनाऱ्यावरच्या एका गावातून एका आईचे पत्र आले आहे. मुलगी बारावी विज्ञान शाखेत शिकते. वाळूतून बाहेर पडणारी कासवांची पिल्ले पाहून तिने वन्यजीव छायाचित्रकार होण्याचे ठरवले आहे आणि त्यासाठी मुंबईतील एक वर्षाचा छायाचित्रण अभ्यासक्रम व दीड लाखाची लेन्स हवी, असे तिचे म्हणणे आहे. घरी आंब्याची बाग आहे. हे काम मुलीला झेपेल का, त्यावर पोट भरेल का आणि पैसे नेमके कशावर खर्च करावेत, असे या माउलीने विचारले आहे.

ताई, सस्नेह नमस्कार.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण घरातला निर्णय तिथेच अडलेला दिसतो. या वर्षी लेन्सही घेऊ नये आणि मुंबईच्या अभ्यासक्रमाचे शुल्कही भरू नये. मुलीला नकार द्यावा, असा याचा अर्थ नाही. तिची निवड मला मोलाची वाटते, म्हणूनच पैसा योग्य क्रमाने खर्च व्हावा असा माझा आग्रह आहे. कॅमेऱ्याचे तंत्र चिकाटीच्या मुलीला काही महिन्यांत आत्मसात होते. समोरचा प्राणी पुढच्या क्षणी काय करील, याचा अंदाज मात्र वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातूनच येतो आणि या क्षेत्रातले चांगले छायाचित्र त्या अंदाजावरच उभे असते.

म्हणून आधी पदवी. कोकण कृषी विद्यापीठाचे वनशास्त्र महाविद्यालय आपल्या दापोलीतच आहे. तिथला चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सीईटी या सामायिक प्रवेश परीक्षेच्या मार्गाने करता येतो आणि त्यात झाडांपासून वन्यजीवांपर्यंतचे शिक्षण मिळते. ते न जमल्यास रत्नागिरीला प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावे. पदवी हाती असलेल्या छायाचित्रकाराला सर्वेक्षणे, संशोधन प्रकल्प आणि पुढे डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेसारख्या ठिकाणी पदव्युत्तर शिक्षण, ही दारे उघडी राहतात. केवळ छायाचित्रणाचे प्रमाणपत्र असलेल्याला ती सहसा उघडत नाहीत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, ती चार वर्षे तिला आपल्या किनाऱ्यावर राहता येईल. शहरातला होतकरू छायाचित्रकार रजा आणि पैसा खर्चून जे पाहायला येतो, ते तिच्या घरापासून चालण्याच्या अंतरावर आहे. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर येतात आणि सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांसह २००२ मध्ये या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. मुलीने तिथे किंवा आंजर्ल्याला पूर्ण हंगामभर स्वयंसेवक म्हणून काम करावे आणि पहिले काही आठवडे कॅमेरा घरीच ठेवावा. हिवाळ्यात कुरव आणि सुरय हे समुद्रपक्षी, खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत तुतवार व चिखल्या हे पाणपक्षी, पावसाळ्यात सड्यावरचे, म्हणजे कातळी पठारावरचे बेडूक, फळांनी लगडलेल्या झाडांवर येणारे धनेश पक्षी, या साऱ्यांची वही तिने ठेवावी आणि तीत तारीख, तिथी, भरती-ओहोटीची वेळ व वारा नोंदवावा. तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचा हिशेब तिला गावातले मच्छीमारच शिकवतील, आणि तो कोणत्याही अभ्यासक्रमात मिळत नाही.

हे काम मुलीला झेपेल का, या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष उदाहरणांतच आहे. रतिका रामसामी संगणक अभियंता होत्या. आज पक्ष्यांच्या छायाचित्रणात त्यांचे नाव देशभर आदराने घेतले जाते. आपल्याच कोकणातील पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर यांच्या काजव्यांच्या छायाचित्राला २०२० मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या स्पर्धेत गौरव मिळाला आणि उरणजवळच्या पाणजे पाणथळीवर त्यांनी माहितीपटही केला. आपली काळजी मात्र मी निराधार म्हणणार नाही. रात्री पुळणीवर एकटीने जायचे नाही, कासवमित्र (घरटी राखणारे गावकरी) किंवा वनरक्षक सोबत हवेत, कुठे आहे आणि कधी परतणार हे घरी सांगून जायचे, हे नियम पहिल्या दिवसापासून असावेत. मासिक पाळीच्या दिवसांत होडीत किंवा लपणात (प्राण्यांना दिसू नये म्हणून केलेल्या आडोशात) तासन्‌तास बसावे लागले तर काय सोय करायची, हेही आईने मुलीशी मोकळेपणाने बोलून ठेवावे. या अडचणीबद्दल फारसे कोणी बोलत नाही आणि त्यापायी मुली मागे हटतात. गावात चर्चा होईल, तेव्हा तिने शाळेत आणि ग्रामपंचायतीत आपली छायाचित्रे दाखवावीत. काम डोळ्यांसमोर असले की शंका कमी होतात.

कायद्याचे ज्ञानही आताच हवे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी वा घरटी विचलित करणे हेही शिकारीच्या व्याख्येत येते आणि अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवानगी लागते. फ्लॅशच्या उजेडाने कासवाची पिल्ले दिशा चुकतात, म्हणून तो वापरायचाच नाही. पक्ष्याच्या घरट्यातल्या पिल्लांचे जवळून घेतलेले छायाचित्र कितीही सुंदर असले, तरी ते मिळवताना पाखराला त्रास झाला असेल तर माझ्या लेखी त्याची किंमत शून्य आहे.

पोट भरेल का? केवळ छायाचित्रे विकून पहिली काही वर्षे भरणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. संस्थांचे दस्तऐवजीकरण, पर्यटकांसाठी निसर्गभ्रमंती, कार्यशाळा, निवास-न्याहारी चालवणाऱ्यांसाठी छायाचित्रे आणि गरजेला लग्नाची कामे, अशी जोड देऊनच या क्षेत्रातली बहुतेक माणसे उभी राहतात. मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून छायाचित्र काढले, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला हक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. म्हणून लेखी कराराची सवय तिने लहान कामापासूनच लावून घ्यावी.

उपकरणांत सध्या एक वापरलेला, पण चांगल्या स्थितीतला कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स पुरेशी आहे. आपल्या खाऱ्या, दमट हवेत काचेला बुरशी लागते, त्यामुळे सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा कॅमेऱ्यासोबतच घ्यावा. मोठ्या लेन्सचा विचार पदवीच्या तिसऱ्या वर्षी, तिची वही आणि छायाचित्रे समोर ठेवून करावा. तूर्त सीईटीचा अर्ज मुदतीत भरला जाईल, एवढे आपण पाहावे आणि परीक्षा संपताच तिला या हंगामाच्या उरलेल्या दिवसांसाठी वेळासला पाठवावे.